हॉलमधला हीटर

वेरिबी, मेलबर्न
१४ जून २०२५

ती. बाबांना,
सादर जयभीम.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि आईच्या बाबतीत मला ओरडून बोलायचं नाही, म्हणून ईमेल. ती मंगळवारच्या विमानाने परत येते आहे, ठरल्यापेक्षा महिनाभर आधी. तिकीट मीच बदललं. रागावण्याआधी पुढचं वाचा.

रोज संध्याकाळी तिचं डोकं धरतं, मळमळतं. दुपारी पार्कात पंजाबी आज्यांबरोबर मजेत गप्पा मारते. घरी येऊन स्वयंपाकाला लागली की सुरू. डॉक्टरने सगळं तपासलं आणि ‘नो वरीज’ म्हणाला. मग मी काय समजायचं? वैष्णवीला पाचवा महिना आहे, तरी फार्मसीतून रात्री दहाला येते. तिला गरम वाढणं आईला जड जात असावं. मी तसं बोलून दाखवलं. तेव्हापासून आई संध्याकाळी शाल गुंडाळून बाहेरच्या बाकावर बसते. शेजारी बघतात, बाबा.

तिच्यासाठी मी काही कमी केलेलं नाही. आमचा हॉल आणि स्वयंपाकघर एकच; तिथला जुना गॅस हीटर सतत चालू असतो. माझा इथला मित्र शिरीष म्हणतो, तो काढ, स्प्लिट एसी बसव, निदान सर्व्हिसिंग तरी कर; मी म्हटलं, एवढा हिवाळा निघेल. भिंतीतल्या जाळीतून वारा येऊन तिची वंदनेची मेणबत्ती विझायची, म्हणून मी घरातल्या सगळ्या जाळ्या टेपने बंद केल्या. अट एकच घातली: फोडणी देताना खिडक्या बंद आणि एक्झॉस्ट फॅन पूर्ण जोरात. त्याआधी एकदा ट्रेनमध्ये माझ्या जॅकेटला येणाऱ्या फोडणीच्या वासाने एकजण उठून दुसरीकडे जाऊन बसला होता.

तिला घ्यायला विमानतळावर जा. माझ्यावरचा लोभ कमी करू नका.

तुमचा,
धम्मदीप


नाशिकरोड
२९ जून २०२५

चि. धम्मदीप यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी आई सुखरूप पोचली. मुंबईला उतरली तीच टवटवीत. घरी येऊन स्वतः पिठलं केलं, दोन भाकरी खाल्ल्या. मी चिडवलं, की बाईसाहेबांच्या दुखण्याला फक्त ऑस्ट्रेलियाचा व्हिसा होता वाटतं. हसली नाही.

आळीतल्या बायका विचारतात, सुनेचं बाळंतपण सोडून कशी आलात? ही म्हणते, हवा मानवली नाही. मी तुझीच बाजू घेतली. स्पष्ट सांगितलं, पोराने एवढा खर्च करून नेलं, जरा जुळवून घ्यायला काय झालं होतं? त्यावर म्हणाली, मी पुन्हा जायची नाही.

एक निरोप मात्र रोज देते. वैष्णवीने संध्याकाळी त्या हॉलमध्ये दारं लावून बसू नये. मी म्हटलं, इतक्या लांबूनही सुनेने कुठे बसायचं ते तूच ठरवणार का? तरी लिहाच म्हणाली, म्हणून लिहिलं. तू मनावर घेऊ नकोस.

सूनबाईला जपावे. खुशाली कळवत जा, म्हणजे आम्हा दोघांना बरे वाटते.

तुझा,
बाबा


वेरिबी
२० जुलै २०२५

ती. बाबांना,
सादर जयभीम.

वैष्णवी बरी आहे. बाळाचे ठोके चांगले आहेत. हे आधी वाचा, मग पुढचं.

या महिन्यापासून ती संध्याकाळी घरी असते. दोन आठवडे डोकं दुखतंय म्हणत होती. मी म्हटलं, आईचं तुला लागलं की काय! तुमच्या पत्रातला निरोप मी तिला मोठ्याने वाचून दाखवला होता, आईची नक्कल करत. दोघंही हसलो होतो. शुक्रवारी मी घरी आलो तर ती ओट्यापाशी पडलेली. कढईखालचा गॅस चालू, फॅन चालू.

अँब्युलन्सवाले दारात आले आणि त्यांच्या खिशातलं यंत्र वाजायला लागलं. हीटरचा विषारी वायू. त्याला वास नसतो, रंग नसतो. धुराड्यातून वर जायचा तो हॉलमध्ये येत होता, कारण बाहेरची हवा आत यायला मी कुठे जागाच ठेवली नव्हती आणि फॅन घरात होती ती हवाही बाहेर ओढत होता. जाळ्या मी बंद केल्या. फॅन मी लावायला सांगितला. मलाही डोकेदुखी व्हायची, ती मी ऑफिसच्या स्क्रीनवर ढकलली. घराच्या विमा कंपनीने विचारलं, हीटरची शेवटची सर्व्हिसिंग कधी करून घेतली होती? मी ती कधीच करून घेतली नव्हती. हीटर काढून टाकला आहे.

बाळावर परिणाम झाला का, ते पुढच्या तपासण्यांत कळेल. डॉक्टर आशेने बोलतात, खात्रीने बोलत नाहीत.

वैष्णवी शुद्धीवर आल्यावर म्हणाली, आईंना बोलाव. बाबा, कोणत्या तोंडाने बोलावू? ती रोज सांगत होती. मी तिला खोटं ठरवलं, आणि जॅकेटला वास येऊ नये म्हणून खिडक्या बंद ठेवायला लावल्या. तुम्हीच विचारा. नाही म्हणाली तर तिला आग्रह करू नका.

तुमचा म्हणवून घ्यायला लाजणारा,
धम्मदीप


नाशिकरोड
२२ जुलै २०२५

प्रिय वैष्णवी,
खूप खूप माया.

धम्मदीपचं पत्र यांनी वाचून दाखवलं. तेव्हापासून माझ्याकडे बघत नाहीत, चहा मात्र स्वतः करून आणतात. साखर विसरतात.

तुला एक सांगायचं आहे. त्या घरात जिवाला काहीतरी होतंय, हे मला कळत होतं. काय, ते कळत नव्हतं. तुला थेट फोन करायला हवा होता. दोनदा हातात घेतला आणि ठेवला. सासू इकडे येऊनही कुरकुरते, असं तू म्हणशील, याची लाज वाटली. यांच्याकरवी निरोप धाडला आणि अपमान कुरवाळत बसले. तुला तिथे ठेवून आले गं मी.

मी सप्टेंबरात येते. हेही येतो म्हणतात. म्हटलं, येणार असाल तर या वेळी माझ्या बाजूने या.

धम्मदीपला वेगळं लिहीत नाही. त्याला सांग, आई रागावली आहे. विमानतळावर त्यानेच घ्यायला यावं. मी त्याच्याशी बोलेन की नाही, ते अजून ठरलेलं नाही. पण त्याने यावं.

स्वतःला आणि बाळाला जप. या म्हातारीवर जीव असू दे.

तुझी,
आई