मनगटावरची उत्तरं

स्टोनी फोर्क, पेनसिल्व्हेनिया
रविवार, १७ ऑक्टोबर २०२१

प्रिय बर्नी भावोजी,

सप्रेम नमस्कार. तुमच्या गुडघ्याचे टाके काढले असं नोलनकडून कळलं. आता बरं असेल. जाऊबाईंना सफरचंदाच्या मुरंब्याच्या बाटल्या पोचल्या असतील. यंदा सफरचंदं आंबट निघाली, म्हणून दालचिनी जरा सढळ हातानं घातली आहे.

आज सकाळी तुम्ही आमच्या दारासमोर गाडी उभी करून तीनदा हॉर्न दिलात. कोणी बाहेर आलं नाही, म्हणून निघून गेलात. नंतर तुमचे फोनही येऊन गेले, मी उचलले नाहीत. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, आणि आज मला काही वाक्यं पुरी करायची आहेत. म्हणून हे पत्र.

बाकी घरचं ठीक. पन्हळीत पानं अडकून मागच्या भिंतीला ओल आली होती, ती शेजारच्या वॉल्टनी काढून दिली. चर्चच्या तळघरात पिरोगीची विक्री सुरू झाली आहे. दर शनिवारी आम्ही बायका बसून त्या बटाट्याच्या करंज्यांच्या कडा दाबतो आणि गावाची धुणी धुतो. फादरना वाटतं आम्ही जपमाळ ओढतो.

टॅडच्या वाढदिवसाला तुम्ही आपल्या भावासाठी नोलनच्या हाती पाठवलेली भेट मिळाली. चौकटीचं लाकूड चांगलं आहे, खर्च बराच झाला असणार. कुठल्याशा वेबसाइटनं जुन्या ड्राफ्टच्या वेळचे कागद उकरून काढले, ‘पंचवीस वर्षांनी मागे वळून बघताना’ असं काहीतरी नाव देऊन, आणि त्यात आपल्या टॅडचा पारख-अहवाल सापडला. अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक संघांनी कॉलेजातली पोरं निवडायच्या आधी त्यांचा माणूस गावोगाव हिंडून एकेकाला पारखून जे लिहितो, ते. तुम्ही ते छापून, काच लावून पाठवलंत.

टॅडनं नट रोलचा तुकडा बाजूला सारून, चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवत सगळं वाचलं. मग मला म्हणाला, “पोरगा बरा दिसतोय गं. पाय जड आहेत म्हणतात, पण त्याला मेहनत घेता येते. कुठला आहे?”

“इथलाच,” मी म्हटलं.

“मग बर्नीला सांग. बर्नी बघेल त्याच्याकडे.”

नोलन बापाच्या समोर बसला होता. त्यानं काटा खाली ठेवला आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना मी तो अहवाल वाचला, आणि खरं सांगते भावोजी, मला शिसारी आली. उंची, वजन, पंजाची लांबी, दंडाचा घेर. जत्रेत वळूचा लिलाव असतो तेव्हा फाटकावर अशीच पाटी लावतात, फक्त वळूच्या आईचा स्वभाव कोणी लिहीत नाही. इथे तोही लिहिला आहे. ‘आई देवभोळी, शिस्तीची. घरात कुरकूर चालत नाही.’ सासूबाईंनी त्या पारखायला आलेल्या लॅथमला तीनदा खिमा भरलेली कोबीची हालुपकी वाढली होती. कोबीची पानं घरात कमी पडली म्हणून मला शेजारी पिटाळलं होतं. त्यानं ताट पुसून खाल्लं, बोटं चाटली, आणि गाडीत बसून त्या माउलीचा गुणधर्म नोंदवला.

पण सगळ्यात वाईट आहे तो शेवटचा परिच्छेद. तुम्हाला तो पाठ असेल, तरी इथे उतरवून काढते. माझ्या अक्षरात तो कसा दिसतो ते बघा.

‘मार खाऊन उठतो. तक्रार नाही. ऑक्टोबरातल्या सामन्यात डोक्यावर आपटला, पुढचे दोन डाव चुकीच्या दिशेला तोंड करून उभा होता, तरी मैदान सोडलं नाही. मनगटपट्ट्यावर डावांच्या यादीखाली मैदानाचं नाव, समोरचा संघ आणि गेल्या सामन्याचा निकाल लिहून ठेवतो, म्हणजे डॉक्टरनं विचारलं की उत्तर तयार. खेळायची अशी भूक क्वचित बघायला मिळते. घ्यावा.’

घ्यावा. भाजीवाल्याकडे भोपळा टिचकी मारून बघतात आणि म्हणतात तसं. आणि नेमक्या याच परिच्छेदाखाली तुम्ही पिवळी रेघ मारून घेतलीत.

मला एक सांगा, त्या लॅथमला पट्ट्याचं कळलं कसं? टॅडच्या हातात चेंडू देणारा ऑगी सांगणार नाही. ऑगीचं तोंड जेवायला सोडून कशाला उघडत नाही. टॅडला स्वतःची फुशारकी मारायची सवय नव्हती. राहता राहिलात तुम्ही. युक्तीही तुमचीच, तुम्ही शाळेच्या संघाचे प्रशिक्षक होतात तेव्हापासूनची. सासूबाईंच्या दिवाणखान्यात कॉफी पिता पिता तुम्ही ती कौतुकानं सांगितली असणार, आणि त्यानं मान डोलावून लिहून घेतली असणार. दोन मोठी माणसं, भर दुपारी. एकालाही वाटलं नाही की पोराला आधी डॉक्टरला दाखवू. त्या दिवसांत मीही स्टँडमध्ये घसा फोडून ओरडत होते. त्याचं माझं मी बघून घेईन.

गाडीत बसल्या बसल्या तुम्ही नोलनला विचारता, “बाबा कसा आहे?” आणि तो म्हणतो, “ठीक.” ठीक म्हणजे कसा, ते मी सांगते. एका जेवणात तो तीनदा प्रार्थना म्हणतो. दोनदा म्हणून झाली असं सांगितलं की चिडतो. फडताळाच्या दाराला भोक पडलं आहे, त्यावर मी चर्चचं कॅलेंडर टांगलं आहे. मिक्सर लावला की कान दाबून जिन्यात बसतो. हार्डवेअरच्या दुकानातली नोकरी वसंतातच गेली, मालकानं रडत रडत सांगितलं. एखाद्या दिवशी मात्र अगदी पहिल्यासारखा असतो, माझ्या केसांवरून चेष्टा करतो. मग दुसरा दिवस उजाडतो आणि मला जास्त वाईट वाटतं.

पिट्सबर्गचे डॉक्टर म्हणाले, डोक्याला बसलेल्या मारांमुळेच हे, असा दाट संशय आहे, पण खात्रीनं मेल्यावरच सांगता येतं, मेंदू कापून बघितल्यावर. म्हणजे टॅडचा आणखी एक अहवाल यायचा आहे. त्यालाही तुम्ही चौकट करून द्याल का?

बोलले ते जास्त झालं असेल तर होऊ दे. सव्वा वर्ष झालं, तुम्ही या घरात पाय टाकलेला नाही. गुडघा दुखतो म्हणता, पण गुडघा उन्हाळ्यात दुखायला लागला आणि तुम्ही त्याच्या आधीच्या उन्हाळ्यापासून गाडीतून उतरत नाही. दर रविवारी हॉर्न देता, नोलन पळत जातो, तुम्ही त्याला मैदानावर नेऊन चेंडू फेकायला लावता आणि दुपारी दाराशी सोडून जाता. टॅड खिडकीत उभा असतो. एकदा त्यानं हात हलवला होता. तुम्ही आरशात बघत गाडी मागे घेत होतात.

आता शुक्रवारच्या सामन्याचं. तेच लिहायचं टाळत मी मुरंब्यापासून सुरुवात केली.

तुम्ही कुंपणाशी उभे होतात, म्हणजे तुम्ही बघितलंच. तिसऱ्या सत्रात नोलनला दोघांनी एकदम पाडलं आणि त्याचं डोकं जमिनीवर आपटून वर उडालं. स्टँडमध्ये आवाज आला नाही, पण मला तो इतका ऐकू आला की दात शिवशिवले. दुखापती बघणाऱ्या ट्रेनरबाईंनी त्याला बाहेर बसवलं आणि भान तपासायचे प्रश्न विचारले. तो खाली बघून उत्तरं देत होता. मला वाटलं लाजतोय, सगळं गाव बघतंय म्हणून. बाईंनी त्याला परत मैदानात सोडलं. त्यानं टचडाउनचा पास फेकला आणि आपण जिंकलो. तुम्ही दोन्ही मुठी वर केल्यात ते मी बघितलं.

शनिवारी पिरोगीला बसलो तर सगळ्या त्याचंच बोलत होत्या. डोलोरेस पिठाचा हात माझ्या खांद्यावर ठेवून म्हणाली, “बापाचा लेक शोभतो हो, लोरेन. कसा झटकन उठला. तुमच्या घरची हाडंच वेगळी.”

“हाडांना काही होत नाही गं,” मी म्हटलं. तिला ते कळलं नाही. कळावं असं मी बोललेही नव्हते.

घरी आले तर नोलन दुपारी बारापर्यंत झोपलेला. उठला आणि पहिल्यांदा स्वयंपाकघराचा पडदा खाली ओढला.

“डोकं दुखतंय का रे?”

“नाही गं आई. उजेड फार आहे.”

बाहेर ढग भरून आले होते.

संध्याकाळी त्याचे खेळाचे कपडे धुवायला घेतले तर बाहीत मनगटपट्टा अडकलेला. प्लास्टिकखाली डावांची चिठ्ठी, आणि डावांच्या खाली तीन ओळी. मैदान. समोरचा संघ. गेल्या आठवड्याचा निकाल. मी तो ओट्यावर सुकत ठेवला आणि स्वतःची समजूत घातली की चौकटीतलं वाचून पोराला आपल्या आपण सुचलं असेल. सोळा वर्षांचं पोर, बापासारखं व्हायची हौस असते. रागवायचं ते सकाळी, असं ठरवलं. तुमच्यावर संशय घ्यायला मन धजत नव्हतं, हे लिहून ठेवते.

आज सकाळी मी अंडी करत होते. नोलन टेबलाशी होता, घरात काळा चष्मा लावून. टॅड खाली आला, ओट्यावरचा पट्टा त्यानं बघितला, उचलला आणि डाव्या मनगटावर चढवला. पट्टी दातात धरून ओढली, कॉलेजात असताना ओढायचा तशीच. मी नेहमीसारखं विचारलं, “अंडी किती घालू?”

त्यानं मनगट वळवलं. मान खाली घालून, तरण्या पोराच्या आवाजात वाचलं, “स्टोनी फोर्क. समोर युनियन व्हॅली. गेल्या आठवड्यात जिंकलो, एकवीस-चौदा.” मग माझ्याकडे बघितलं. “मी ठीक आहे, डॉक्टर. मला आत जाऊ द्या.”

तव्यावरचं अंडं करपलं, तरी मला गॅस बंद करायचं सुचलं नाही.

“आई,” नोलन म्हणाला, “तो माझा आहे.”

“ठाऊक आहे.”

“काकांनी दिला. म्हणाले, तुझ्या बाबाची युक्ती आहे, आपल्या घराण्याची. ट्रेनरबाई ठरलेलेच प्रश्न विचारतात.”

तेवढ्यात तुमचा पहिला हॉर्न वाजला.

त्या आवाजानं टॅडनं गुडघे वाकवले आणि ऑगीकडून चेंडू घ्यायला हात पुढे धरले. माझ्या स्वयंपाकघरात, पायात सपाता घालून. नोलननं खिडकीकडे बघितलं, मग बापाकडे. उठला, बापाजवळ गेला आणि पट्ट्याची पट्टी सोडवू लागला. ती सुटता सुटत नव्हती. टॅड आपला म्हणतोय, “मी ठीक आहे. मी ठीक आहे.” तुमचा दुसरा हॉर्न झाला.

“डॉक्टर म्हणतायत आज बाहेर बसायचं,” नोलन त्याला म्हणाला, आणि खुर्ची ओढून दिली.

टॅडनं विचार केला. “आपण जिंकतोय का?”

“जिंकतोय.”

“मग ठीक आहे,” म्हणून तो बसला. तुमचा तिसरा हॉर्न झाला तेव्हा नोलन त्याच्यासाठी पावाला लोणी लावत होता.

दुपारी मी नोलनला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनीही तसलेच प्रश्न विचारले. एका प्रश्नावर तो म्हणाला, “नक्की नाही आठवत.” मेंदूला मार आहे. महिनाभर पुस्तकसुद्धा बघायचं नाही, खेळ तर दूरच. पुढचं पुढे. पुढच्या वर्षीच्या फुटबॉल शिबिरासाठी तुम्ही दिलेल्या कागदावर मी सही करणार नाही, आणि परत येताना गाडीत तोच म्हणाला की करू नकोस. रडत होता. खेळ सुटणार म्हणून की बाबासाठी, मी विचारलं नाही.

मला तुमची किळस येते, भावोजी. हे वाक्य पुरं करायलाच मी लिहायला बसले. सख्ख्या भावाचं काय झालं ते बघायला तुमच्यानं गाडीतून उतरवलं नाही, आणि तीच गोष्ट तुम्ही त्याच्या पोराच्या हातावर बांधलीत.

पट्टा या पाकिटात घातला आहे. चौकट इथेच राहील, कपडे धुवायच्या यंत्रामागे. टॅड मधूनच विचारतो की बर्नीनं त्या पोराला बघितलं का. मी सांगते, अजून नाही.

पुढच्या रविवारी यायचं असेल तर हॉर्न देऊ नका. दार उघडं असेल. आत या, त्याच्यासमोर बसा. तो तुम्हाला विचारेल, तुम्ही कोण. उत्तर लिहून आणू नका.

तुमच्या धाकट्या भावाची बायको,
लोरेन