बोक्याची साखर आणि डब्याचं सील

ती. सासूबाईंस,

जावयाचा खाली मान घालून नमस्कार. (आधी नेहमीप्रमाणे ‘ती. आईंस’ लिहिलं होतं, पण झाल्या प्रकारानंतर ते जरा आगाऊपणाचं वाटलं, म्हणून नवा कागद घेतला.)

तुम्ही धाकटीकडे सुखरूप पोचलात, गुडघा बरा आहे, पण तिथली उशी फार मऊ आहे, हे सगळं तुमच्या मुलीकडून समजलं. म्हणजे ती फोनवर बोलत होती आणि मी शेजारच्या खोलीत कपाट आवरत असल्याचं दाखवत होतो. माझ्याशी सध्या ती कामापुरतंच बोलते, आणि कामं फक्त दोनच निघतात: ‘सरक’ आणि ‘दार लाव’.

पत्राचं कारण आपला बोका, मुकादम. त्याला मधुमेह निघाला तेव्हा आम्ही दोघं हातपाय गाळून बसलो होतो आणि तुम्ही म्हणालात, “मी स्वतःला रोज इन्सुलिन टोचतेच की, त्यात आणखी एक बोका!” तो तुमच्या मांडीवर मानेमागची कातडी तुमच्या चिमटीत देऊन सुई घेत असे, आणि वर घुरघुरत असे. पण साखर काही उतरेना. डोस वाढवला, साखर जागच्या जागी. पुन्हा वाढवला, तरी तेच. उलट पठ्ठ्या वजनाने वाढत चालला आणि खा-खा सुटल्यासारखा ताटल्या चाटू लागला.

तेव्हा जनावरांच्या डॉक्टरबाईंनी मला (तुम्हाला न्यायला हवं होतं, मी मोठा शहाणा म्हणून एकटा गेलो) नीट समजावलं होतं. याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात; औषध अंगात जातं, पण अंग त्याला दाद देत नाही. का देत नाही ते एकेक करून शोधायचं. बाटली उन्हात राहिली का, सुई कातडीऐवजी केसांत जाते का, दात किंवा लघवीत जंतू आहेत का, एखादी ग्रंथी बिघडली आहे का, की घरात कोणी चोरून खायला घालतंय? आता ज्या माणसाचा जन्म लोकांचे मीटर उघडून वीजचोरी पकडण्यात गेला, त्याच्या कानात यातला कोणता शब्द शिरणार? ‘चोरून’. बाकीचे सगळे शब्द मी तिथेच टेबलावर ठेवून आलो.

घरात मी फक्त तुमच्याकडे पाहिलं, हे मान्य करतो. (तुमची मुलगी त्याला रोज साय चाटवत असेल अशी शंकाही मनात आली नाही, तिला विचारायची माझी छातीच नाही.) मुकादमाचा जबडा रुंद झाला, पंजे फताडे झाले, तेव्हा चार पाहुण्यांसमोर मी म्हणालो, “आजीचे लाड अंगी लागलेत!” पाहुणे हसले. तुम्ही पेले उचलून आत गेलात.

आणि मग ते सील. मीटरला लावायची ऑफिसची तार आणि शिशाची गोळी घरी आणून मी मुकादमाच्या खाण्याचा डबा, दुधाचं कपाट आणि बिस्किटांचा डबा सीलबंद केला. नियमाप्रमाणे दाबून, शिक्क्यासकट. फार समाधान वाटलं. संध्याकाळी घरी आलो तर बिस्किटांच्या डब्याचं झाकण बत्त्याने ठेचलेलं, आणि मुकादमाच्या मिशांना चुरा. मी बूटही न काढता चौकशी सुरू केली. “सील कोणी तोडलं?”

“मी,” तुम्ही म्हणालात.

“कशासाठी?”

तुम्ही पिशवी भरायला घेतलीत. मला वाटलं, गुन्हा कबूल!

खरं तर त्या दुपारी तुम्ही तुमची सुई घेतली होती, जेवण लांबलं होतं, साखर एकदम उतरून घामाने अंग निथळत होतं, हात इतके थरथरत होते की तार सुटेना, आणि पक्कड माझ्या पिशवीत, पिशवी माझ्या खांद्यावर, मी गावाच्या दुसऱ्या टोकाला. तुम्ही जमिनीवर बसून बिस्कीट तोंडापर्यंत नेत होतात आणि अर्धं खाली सांडत होतं. तेच त्याने टिपलं. हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. तुमच्या मुलीने ओरडून सांगितलं असतं तर सोसलं असतं. तिने हळू आवाजात सांगितलं.

त्यानंतर रक्ताचा अहवाल आला. मुकादमाच्या मेंदूच्या बुडाशी जी इवलीशी ग्रंथी असते तिच्यावर गाठ आहे. ती शरीर वाढवणारा रस भरमसाट सोडते, तो रस इन्सुलिनला काम करू देत नाही, म्हणून जबडा, म्हणून पंजे, म्हणून ती भूक. डॉक्टरबाई म्हणाल्या, “घरच्यांची काही चूक नाही. सुई तर फारच छान दिली गेली आहे.” मी मान डोलावली. ती सुई कोणाची, ते न सांगताच निघालो. मग दारातून परत जाऊन सांगितलं. इलाज महागडा आणि लांबचा आहे. तूर्त डोस सांभाळून वाढवायचा आणि त्याला सुखात ठेवायचं. किती काळ, ते त्यांनाही ठाऊक नाही.

मला क्षमा करा. याहून बरं वाक्य शोधत बसलो तर पत्र राहील.

आपला (अजून मोजत असाल तर)
जावई

ता.क. मुकादम माझ्या हातून सुई अजिबात घेत नाही. ओरबाडतो, कपाटावर चढतो. त्याच्या जिवासाठी तरी तुम्ही लगेच यावं.

ता.क. दुसरा: वरचा ता.क. खोटा आहे. सुरुवातीला ओरबाडलं, आता घेतो. तुमच्या मांडीवर घुरघुरायचा तसा घुरघुरत नाही, पण घेतो. इथे तुमच्यावाचून कुठलंही काम अडलेलं नाही. तरी या.