न जळणारी चुंबळ

आबा, परवा डॉक्टरांनी मला एक प्रश्न विचारला आणि तुमची चुंबळ आठवली. साखर कारखान्याचा गळीत हंगाम संपला की तुम्ही फिटर मंडळी बॉयलरची दुरुस्ती काढायचात. वाफेच्या नळ्यांवरचा जुना लेप फोडायचा, नवा थापायचा, झाकणांना ॲस्बेस्टॉसची पांढरी दोरी भरायची. उरलेले तुकडे तुम्ही घरी आणता, ओसरीवर बसून त्यांची चुंबळ वळता आणि आईच्या हातात देता. रश्श्याचं पातेलं चुलीवरून उतरवून थेट तिच्यावर. आई कुरकुरते, "ह्येचं धागं भाकरीत येत्यात. परत घिऊन जावा." तुम्ही चुंबळ निखाऱ्यावर धरता आणि तशीच पांढरी बाहेर काढता. "जळत न्हाय, कुजत न्हाय. नातवंडांस्नी पुरंल की." मग गल्लीत घरोघरी एकेक गेली. गारगोटीच्या आत्यालाही दिलीत. मला भातुकलीसाठी बांगडीएवढी एक मिळाली, तेव्हा मी दिवसभर तुमच्या मागंमागं हिंडले होते.

तुम्ही गेलात तेव्हा सगळे म्हणाले, दमा. छातीतलं पाणी पुन्हा पुन्हा काढावं लागलं, तरी विडीवर बोट ठेवून सगळे मोकळे झाले. खरं काय होतं ते मला ठाऊक नाही, आता कळणारही नाही. पण शाळेत विज्ञान शिकवण्यात जन्म गेला, खोड जात नाही, म्हणून वाचत बसते. नवल असं, की या दोरीची धूळ छातीत गेली की तीस-चाळीस वर्षं गप्प राहते आणि मग एखाद्याच्या फुफ्फुसाच्या आवरणात कॅन्सर होऊन उठते. त्यामुळे ज्या देशांनी ती बंद केली, तिथंही रुग्ण पुढं कित्येक वर्षं वाढतच राहिले. कारखाना बंद झाल्यावरही भोंगा वाजत राहावा, तसं. मग कुठं आलेख हळूहळू खाली वळू लागला. जगणं मात्र फारसं लांबलेलं नाही. नव्या औषधांनी काही महिने पदरात पडतात, बरीच वर्षं काढणारे थोडेच. वाचून भ्याले, खोटं कशाला सांगू. पण त्याहून मोठं कोडं पडलं ते आपल्याकडचं. घरांवर एवढे ॲस्बेस्टॉसचे पत्रे, एवढे बॉयलर, आणि रुग्ण इतके कमी कसे? आपल्या छात्या काय वेगळ्या मातीच्या? तुमच्या जोडीदार फिटरच्या घरी पेठ वडगावला जाऊन आले. त्यांच्या बायकोला विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आमचं मालक बी दम्यानंच गेलं की. कोण इचारतंय?"

मला मात्र विचारलं गेलं. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी छातीचा फोटो काढला, त्यात काहीतरी दिसलं म्हणून स्कॅन झाला. फुफ्फुसाच्या आवरणावर जुने चट्टे आहेत. कॅन्सर नाही, पण ते कशानं झाले ते कळलं तर पुढं कशावर नजर ठेवायची ते ठरवता येईल, असं डॉक्टर म्हणाले. तरुण आहेत, माझ्या मुलाच्या वयाचे. "ॲस्बेस्टॉसशी कधी संबंध आला होता का?" असं आदबीनं विचारलं. मी म्हणाले, "छे, मी शाळेत शिकवायचे." त्यांनी मान डोलावली आणि प्रश्न तिथंच संपला. रिक्षात बसल्यावर उमगलं, आकडे कमी कसे राहतात ते. कोणी विचारत नाही हे तर खरंच, पण विचारलं तरी माझ्यासारखी सांगत नाही.

सोमवारी पुन्हा जायचंय, तेव्हा सांगणार आहे. मग ते विचारतील, घरात कोणी आणलं होतं? तुमचं नाव घ्यावं लागेल, आबा. त्या दिवशी 'छे' म्हटलं ते तेवढ्यासाठीच. तुम्ही एवढ्या हौसेनं वळलेल्या वस्तूला परक्या माणसानं विष म्हणावं, हे मला ऐकवणार नव्हतं. म्हणून त्यांच्याआधी तुम्हाला सांगायला बसले. हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे लिहायला घेतानाच ठाऊक होतं.

भातुकलीतली ती चुंबळ माझ्या कपाटात आहे, घट्ट झाकणाच्या डब्यात. तो डबा आता उघडायचा नाही, हे कळतं. टाकवत मात्र नाही.