किडक्या सफरचंदांचा आलेख

९ सप्टेंबर
येत्या शुक्रवारी प्राध्यापकपदासाठी माझं व्याख्यान! वय चोपन्न, विषय जैवसांख्यिकी. अल्माटीतले डॉक्टर माझ्याकडून हक्काने आकडेमोड करून घेतात आणि ‘जीवशास्त्राच्या बाई’ म्हणून जेवायला वेगळं बसवतात. जीवशास्त्रवाले म्हणतात, ही तर आकडेवाली. आता कळेल म्हणावं दोघांना!

डोंगरातल्या माझ्या मोजणीच्या झाडांखाली पडणाऱ्या रानसफरचंदांत अळी दरवर्षी कमी होतेय. तिने सफरचंद सोडून जर्दाळू धरलाय — उत्क्रांती, माझ्या डोळ्यांदेखत! आलेख इतका देखणा उतरतो की मी तो फ्रिजवर लावलाय. नवऱ्याचा फोटो कधी लावला नव्हता.

१० सप्टेंबर
विभागप्रमुख ओराल्बेक सरांनी विचारलं, एवढ्या सरळ रेषेची भीती नाही वाटत? जळतो मेला.

११ सप्टेंबर
डोंगरात, शेवटच्या मोजणीला. न कळवता एक दिवस आधीच पोचले. वनरक्षकाची बायको बाल्झान आपा माझ्याच झाडांखाली वाकून किडकी सफरचंदं बादलीत भरत होती! मला बघून तीच ओशाळली.

“पाहुणी तू. शहरातून एवढी येतेस, आणि किडकं वेचायचं? आम्हाला लाज नाही का वाटणार? पहिल्या वर्षी ओळख नव्हती, म्हणून राहिलं. मग दरवर्षी तू यायच्या आधी, जमेल तसं एकेक झाड जास्त साफ करत गेले.”

 तिने चहा आणि तळलेल्या पिठाचे गरम बाऊरसाक आणले, तेही सगळे खाल्ले. डॉक्टरांना दरवर्षी पहिला धडा हाच देते — नमुना कुणी निवडला ते आधी विचारा. मी विचारलं कुणाला? आलेख अळीचा नव्हताच. या बाईच्या मायेचा होता, वर्षागणिक वाढणाऱ्या. रडूच फुटलं. तिला वाटलं, चहाने तोंड भाजलं.

१३ सप्टेंबर
ओराल्बेक सरांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, “मेरुएर्त, गप्प बस. तिथे तपासायला कोण जाणार आहे? आधी पद घे, मग बघू.”

इतकी वर्षं ज्यांना मत्सरी म्हणत आले, ते नेमके आजच प्रेमळ निघाले!

१५ सप्टेंबर
सगळं सांगून टाकलं. बादलीसकट. सभागृह हसून हसून लोळलं — माझं एवढं रंगलेलं व्याख्यान हे पहिलंच. पद दुसऱ्याला गेलं. घरी येऊन आलेख काढून टाकला. फ्रिज फार उघडा दिसतो. वाईट वाटतंय, खूप.

१७ सप्टेंबर
बाल्झान आपाचा फोन. झालीस का गं प्राध्यापक?

झाले, म्हटलं.

“बघ! माझाही थोडा हातभार लागला की नाही?”

लागला, आपा.