चोरीचा काळा रंग

जोहे, मंगळवार, दिवेलागण

मोर्चा होता कंपनीत पोरांना कायम करा म्हणून. मग पेणात रंगवाल्याचं दुकान कशाला फोडलं? आमचा सुरेश दोन डबे घेऊन आला. वर म्हणतो, "आये, गणपतीच्या डोळ्यांना काळा लागतो ना, तुझ्यासाठीच आणला गो."

"कंपनीचं गेट का नाय फोडलंस?"

"तिथं पोलीस होते."

म्हणजे राग कंपनीवर, आणि फोडलं ज्याच्या दारात कोण उभं नव्हतं त्याचं. सगळेच घेत होते म्हणे. ह्या रंगाने डोळे आखू मी?

घरातला काळा संपलाय, बारा मूर्ती आंधळ्या उभ्या आहेत. राहू देत. उद्या दोन्ही डबे ह्याच्या डोक्यावर देते आणि तोंडाला रुमाल बांधू न देता भर बाजारातून त्या दुकानात नेते.