बॅगेचं वजन

रविवार, १२ ऑक्टोबर, लेस्टर

पायाचे तुकडे पडलेत, तरी लिहिते. सहा महिने राहून आई आज गेली. तिला एअरपोर्टवर सोडून ट्रेननं परत आले.

उद्या म्युझियमला त्या शंभरेक वर्षांपूर्वीच्या तिकिटाची माहिती लिहून द्यायचीय. दिवसा विमान, अंधार पडला की उतरून ट्रेन, सगळं एकाच तिकिटावर. रात्री उडायची भीती वाटायची म्हणे. आणि विमानात चढण्याआधी सामानाबरोबर माणसांचंही वजन करायचे. ट्रेनमध्ये एवढंच लिहून झालं.

काल बॅगेचं वजन नेहमीसारखंच केलं. माझी पाठ धरलेली, म्हणून बॅग पोटाशी घेऊन आईच बाथरूमच्या काट्यावर उभी राहिली. आकड्यातून मी तिचे बासष्ट किलो वजा केले. एप्रिलमध्ये आली तेव्हाचे. बॅग बरोबर तेवीस भरली, विमानाच्या मर्यादेइतकी.

आज काउंटरवर सत्तावीस! मी भडकलेच. "आई, मागून काय कोंबलंस?"

"नाही गं, मी हातसुद्धा लावला नाही."

सगळ्यांसमोर खाली बसून ती चॉकलेटचे डबे काढत राहिली. हात वर केला की बांगड्या पार कोपरापर्यंत घसरत होत्या. तेव्हाही माझी नजर बॅगेवरच.

ट्रेनमध्ये वजाबाकी परत केली. काटा बरोबर होता. बॅगही तीच. चार किलो आईचे गेले होते. माझ्या घरात, रोज माझ्यासमोर जेवताना.

त्या जुन्या तिकिटावर गेली असती तर तिलाही काट्यावर उभं केलं असतं. निदान तिथे तरी मला कळलं असतं.