सात नंबरच्या आजी चालल्या

२ जून
हॉस्पिटलात रुजू. पद: फिजिओथेरपी विभागात शिकाऊ मदतनीस. चाळिशीला टेकल्यावर करिअर सुरू करणारे थोडेच, बहुतेकांचं तोवर आटोपत आलेलं असतं. विभागाच्या मॅडम माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहेत. हरकत नाही, सांभाळून घेईन.
संकल्प: पहाटे पाचला उठून रोज एक हाड पाठ करणे.

३ जून
साडेसातला उठलो. हाडं उद्यापासून. बायको म्हणाली, पेशंटला उठवायच्या आधी स्वतः उठायला शीक. या क्षेत्रातला ताण तिला कळत नाही.

५ जून
मॅडमनी सात नंबरच्या बेडवरच्या आजी माझ्याकडे सोपवल्या. खुब्याचं ऑपरेशन झालंय, जखम भरलीय, पण पुन्हा पडू या धास्तीने वॉकरला हात लावत नाहीत. महिनाअखेर दारापर्यंत चालल्या तर मला कायम करणार, नाहीतर रामराम. मेव्हण्याने शब्द टाकून मिळवून दिलेली नोकरी आहे, म्हणून जरा जपायला हवं. याआधी विमा विकून पाहिला, मग शोभेच्या माशांचं दुकान काढलं. दोन्ही वेळा लोकांची तयारी नव्हती.

७ जून
मॅडमची पद्धत जुनी. उठा, पाऊल टाका, झालं. अरे, आधी माणसाचं मन उठवावं लागतं. मी आजींना माझा जीवनप्रवास सांगायला घेतला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. घरात इतकं मन लावून कोणी ऐकत नाही.

१० जून
विम्याचा टप्पा पूर्ण. आजी म्हणाल्या, पायाचं राहू दे, आता डोकं दुखतंय. खुब्याचं दुखणं डोक्यापर्यंत जातं का, असं मॅडमना विचारलं. त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनाही माहीत नसावं.

१४ जून
आजी हल्ली मी आलो की कानातलं मशीन काढून ठेवतात. म्हणून मोठ्याने बोलतो. आता सगळ्या वॉर्डाला लाभ होतो. आठ नंबरच्या काकू आजच घरी सोडा म्हणून डॉक्टरांच्या मागे लागल्यात. माणसं बरी होतायत, पण त्याचं श्रेय कोण देतो?

२१ जून
वैताग आलाय. आजी बेडवर त्या बेडवरच. मॅडमनी विचारलं, कुठपर्यंत आलं? म्हटलं, मनाने तयार आहेत. म्हणाल्या, मनाचे डॉक्टर वरच्या मजल्यावर बसतात.
संध्याकाळी मेव्हण्याचा फोन आला. बायको त्याला फक्त, हो रे, बघू, एवढंच म्हणाली. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं.
हाडं: एक. तेही शाळेपासून येत होतं.

२८ जून
आजींना हात जोडून सांगितलं, माझ्यासाठी चार पावलं टाका. म्हणाल्या, तू जरा गप्प बसशील का? बसणार होतो. पण माशांच्या दुकानाची गोष्ट अर्धवट राहिली होती, आणि अर्धवट काम मला आवडत नाही.

२९ जून
चालल्या! माशांना बुरशी कशी लागली ते सांगत होतो. आजी उठून बसल्या, वॉकर ओढला आणि निघाल्या. दाराशी थांबल्या नाहीत. अख्खा कॉरिडॉर पार करून थेट मॅडमच्या केबिनमध्ये. मी मागे मागे, डोळ्यांत पाणी. सिस्टरने मला बाहेरच थांबवलं. बायकोला फोन केला. म्हणाली, खरंच?

३० जून
मॅडमनी बोलावलं. आजी तक्रार करायला गेल्या होत्या. म्हणाल्या म्हणे, याला हलवा, नाहीतर मी इथून हलते. मॅडम हसू दाबत होत्या. पुढे म्हणाल्या, चालल्या हे तर खरं, तुम्हाला कायम केलं.
फार वाईट वाटलं. म्हणजे आठ नंबरच्या काकूंचंही तेच असणार.
मॅडम म्हणाल्या, चार नंबरचे आजोबा पाय खाली सोडत नाहीत, त्यांच्याकडे जा. विचारलं, कोणता व्यायाम घेऊ? म्हणाल्या, व्यायाम नको, नुसतं बोला.
बायकोला कायम झालो एवढंच कळवलं. मग खुर्ची ओढून आजोबांजवळ बसलो. म्हटलं, माझी सुरुवात विम्यापासून झाली.
आजोबांनी सिस्टरला विचारलं, माझ्या चपला कुठायत?